लेख, वाहक आणि भेट : आरंभिक मध्ययुगीन युरोपातील पत्रव्यवहार

पश्चिम युरोपातील रोमन सत्ता पाचव्या शतकात मोडली आणि तिच्याबरोबर सरकारी डाकेची टप्प्याटप्प्याने बांधलेली व्यवस्थाही विस्कटत गेली. तरी त्या सत्तेच्या सुशिक्षित वर्गाने जोपासलेली पत्रलेखनाची रीत टिकली आणि पुढील पाच शतके राजदरबार, बिशपांची पीठे आणि मठ यांचा परस्परव्यवहार तिच्यावरच चालला. साधारणपणे इ. स. 450 ते 1000 या कालखंडाला आरंभिक मध्ययुग म्हणतात. या काळातील लॅटिन पत्रे हजारोंच्या संख्येने उपलब्ध आहेत, पण पहिल्या वाचनात ती बहुधा निराशाच करतात. लांबलचक मायना, प्रकृतीची विचारपूस, बायबलमधील वचनांची रेलचेल, स्नेहाची पुन:पुन्हा दिलेली ग्वाही, आणि ज्या कामासाठी पत्र धाडले ते काम अखेरच्या दोन ओळींत, तर कधी तेही नाही, असे त्यांचे स्वरूप असते. मात्र त्या काळी लिहिलेला मजकूर, तो नेणारा माणूस आणि त्याच्या हाती दिलेली भेट या तिन्हींचे मिळून पत्र होत असे, आणि त्यांतील पहिला भाग तेवढा काळाच्या ओघात उरला आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे या पत्रांतील मौन आणि त्यांतील पाल्हाळ या दोहोंचाही अर्थ लागू लागतो.

प्रथम साधनांचा विचार करणे योग्य ठरेल. पाचव्या-सहाव्या शतकांत पत्रे मुख्यतः पपायरसवर, म्हणजे इजिप्तमधून येणाऱ्या लव्हाळ्यापासून बनवलेल्या कागदासारख्या पानांवर, लिहिली जात. फ्रँकिश राजांच्या कचेरीत पपायरसचा वापर सातव्या शतकाच्या उत्तरार्धात थांबला आणि त्याची जागा चर्मपत्राने, म्हणजे जनावराच्या घासून, ताणून वाळवलेल्या कातड्याने, घेतली. पोपच्या कचेरीने मात्र अकराव्या शतकापर्यंत पपायरस सोडला नाही. मसुदा मेणाच्या पाटीवर होई, मजकूर बहुधा लेखनिकाला सांगितला जाई, आणि पाठवणारा स्वतःच्या हाताने शेवटी निरोपाचे चार शब्द लिही. लंडनचा बिशप वॉल्डहेअर याने कँटरबरीचा आर्चबिशप बर्टवॉल्ड याला 704 किंवा 705 साली लिहिलेले पत्र मूळ स्वरूपात शिल्लक असून, चर्मपत्रावर लिहिलेले पश्चिम युरोपातील ते सर्वांत जुने मूळ पत्र मानले जाते. घडी घालून, पाठीवर पत्ता लिहून धाडलेल्या या पत्राचा विषय अगदी व्यावहारिक आहे. वेसेक्स आणि एसेक्स या राज्यांमध्ये परागंदा लोकांना आश्रय देण्यावरून तंटा उभा राहिला होता, तो मिटवण्यासाठी ब्रेंटफर्ड येथे बैठक ठरली होती, आणि वेसेक्सशी धार्मिक संबंध ठेवू नयेत असा आधीच्या धर्मसभेचा निर्णय असताना आपण त्या बैठकीस जावे की नाही, एवढेच बिशप विचारतो. इतके मोकळे, कामापुरते लिहिलेले पत्र या काळात दुर्मीळ दिसते, आणि ते का दिसते याचा विचार पुढे करावा लागेल.

पत्र नेण्याची कोणतीही कायमची सोय नसल्यामुळे विश्वासू माणूस मिळणे हीच खरी अडचण होती, आणि असा माणूस मिळाला की त्याच्याजवळ लेखापेक्षा अधिक काही सोपवले जाई. कित्येक पत्रांत मजकूर थोडक्यात आवरून ‘बाकीचे हा माणूस तोंडी सांगेल’ अशा अर्थाचे वाक्य येते. लेखाने वाहकाची ओळख पटे, खरा निरोप त्याच्या जिभेवर असे. पत्र चारचौघांत मोठ्याने वाचले जाण्याचा संभव नेहमीच असल्याने नाजूक गोष्टी लिहिणे धोक्याचे ठरे. पोप लिओ तिसरा याच्या वर्तनाबद्दलच्या तक्रारी असलेले साल्झबर्गचा आर्चबिशप आर्न याचे पत्र 799 साली अल्क्विन या विद्वानाच्या हाती आले, तेव्हा बोभाटा होऊ नये म्हणून त्याने ते वाचून जाळून टाकले आणि तसे आर्नला कळवले. वाटेतले धोके वेगळेच होते. फेरिएरचा मठाधिपती लुपस याने रीम्सच्या आर्चबिशप हिंकमारला इंग्रज साधू-विद्वान बीड याचा एक मोठा ग्रंथ पाठवण्याचे टाळले. तो ग्रंथ अंगरख्यात किंवा पिशवीत लपवता येण्याजोगा नाही आणि त्याचे देखणेपण पाहून चोरांना मोह होईल, असे कारण त्याने दिले. मठांच्या आत पत्रांवर पहाराही होता. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या नियमावलीप्रमाणे मठाधिपतीच्या परवानगीवाचून कोणाही साधूने, अगदी स्वतःच्या आईवडिलांकडूनही, पत्र किंवा भेट घेऊ नये, तर फ्रँकिश राजा शार्लमेन याच्या 789 सालच्या एका आज्ञापत्रात मठवासिनींनी स्नेहगीते लिहून बाहेर पाठवू नयेत असे बजावले आहे. मनाई वारंवार करावी लागली, यावरून प्रत्यक्षात काय चालत होते याची कल्पना येते.

या रीतीचे मूळ रोमन होते. क्लेर्माँचा बिशप सिडोनियस अपोलिनारिस याने आपली पत्रे नऊ भागांत संकलित केली, ती प्लिनी आणि सिम्मॅकस या रोमन पूर्वसूरींचा आदर्श समोर ठेवून. त्याचे शहर 475 साली व्हिसिगॉथ राजाच्या ताब्यात गेले, सरकारी पदांची शिडी नाहीशी झाली, आणि जुन्या सरदार घराण्यांपाशी आपली ओळख टिकवण्याचे जे साधन उरले ते सफाईदार लॅटिन पत्रांचे. गॉलमधील हे लोक एकमेकांना किरकोळ निमित्तावरून लिहीत, कारण पत्र पाठवणे आणि त्याला उत्तर देणे हेच मैत्रीचे कर्तव्य होते. लॅटिनमध्ये ‘अमिसितिआ’ म्हटल्या जाणाऱ्या या मैत्रीत जिव्हाळ्याइतकाच आश्रय, शिफारस आणि राजकीय साथ यांचाही अंतर्भाव होई. उत्तर न आल्याची तक्रार या पत्रांत इतकी सर्रास आढळते की तिला शिष्टाचाराचा भाग समजण्याचा मोह होतो. पण ज्या समाजात संबंध कागदोपत्री करारांनी बांधलेले नव्हते, तेथे न आलेले उत्तर म्हणजे संबंध सैल पडल्याची पहिली खूण होती, म्हणून ती तक्रार गांभीर्यानेच घ्यावयास हवी.

राज्यकारभारात पत्रांचा उपयोग सर्वांत ठळकपणे दिसतो. रॅव्हेना येथील ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिक आणि त्याच्या वारसांच्या नावे कॅसिओडोरस या मंत्र्याने लिहिलेली पत्रे ‘व्हारिए’ या नावाने बारा भागांत संकलित आहेत. त्यांची संख्या 468 आहे. राजांना तहाची बोलणी कळवण्यापासून अधिकाऱ्यांची नेमणूक करण्यापर्यंत सारे काही त्यांत आहे. पोप ग्रेगरी पहिला याच्या 590 ते 604 या कारकिर्दीतील साडेआठशेच्या आसपास पत्रे उरली असून, सिसिलीतील धर्मसंस्थेच्या जमिनींवर कुळांकडून धान्य घेताना खोटी मापे वापरू नयेत येथपासून, इंग्लंडमधील मूर्तिपूजकांची देवळे पाडण्याऐवजी त्यांतील मूर्ती काढून ती देवळे ख्रिस्ती उपासनेसाठी वापरावीत या 601 सालच्या सल्ल्यापर्यंत त्यांचा पल्ला जातो. एका वृद्ध, बहुतेक वेळ आजारी असलेल्या माणसाने रोममध्ये बसून दूरदूरच्या प्रांतांत आपला शब्द चालवला, तो पत्रांच्या बळावर. त्याच्याजवळ सैन्य असे फारसे नव्हते.

शार्लमेनच्या काळात लेखी आज्ञेची जरब अधिक वाढली. सुमारे 806 साली त्याने फुलराड नावाच्या मठाधिपतीला सॅक्सनीतील स्टासफुर्ट येथे सशस्त्र माणसांनिशी हजर होण्यास फर्मावले. त्या पत्रात कोणती हत्यारे आणावीत, गाड्यांतून कुऱ्हाडी आणि इतर अवजारे न्यावीत, अन्न तीन महिन्यांचे आणि कपडे सहा महिन्यांचे असावेत, तसेच वाटेत गवत, सरपण आणि पाणी यांखेरीज लोकांचे काही घेऊ नये, इतका तपशील आहे. याच राजाने 791 साली अवार लोकांवरील मोहिमेतून राणी फास्ट्राडा हिला लिहिलेले पत्रही उरले आहे. त्यात विजयाची वार्ता आहे, तीन दिवसांच्या प्रार्थना आणि उपवास यांची हकिकत आहे, आणि रेगेन्सबुर्गहून निघाल्यापासून तुमचा जासूद वा पत्र काहीच का आले नाही, अशी विचारणा आहे. शार्लमेनच्या शिक्षणविषयक धोरणाचा उगमही अंशतः पत्रांत सापडतो. फुल्डाचा मठाधिपती बाउगुल्फ याला धाडलेल्या पत्रात राजा म्हणतो, की मठांकडून आलेल्या पत्रांतील भावना योग्य पण भाषा ओबडधोबड असते, आणि ज्यांना लिहिताना भाषा साधत नाही त्यांना धर्मग्रंथांचा अर्थ तरी नीट कसा लागेल, अशी शंका येते. मठांतील शाळांना दिलेल्या उत्तेजनामागे पत्रांतील चुका हे एक कारण होते, ही बाब त्या काळी पत्राला किती तोलून पाहिले जाई याची साक्ष देते.

परराष्ट्र व्यवहारात कुटुंबाचे दुःखही राजनीतीच्या भाषेत मांडावे लागे. ऑस्ट्रेशिया या फ्रँकिश राज्याची राणी ब्रुनहिल्ड हिचा नातू अथनगिल्ड हा सहाव्या शतकाच्या नवव्या दशकात कॉन्स्टँटिनोपलच्या बायझंटाइन दरबाराच्या ताब्यात सापडला. राणीने त्या मुलाला आणि तेथील सम्राज्ञीला लिहिलेल्या पत्रांत आजीची व्याकुळता आहे, आणि ती व्याकुळता दोन राज्यांमधील तहाच्या अटींना जोडलेलीही आहे. ती खरी की डावपेचाचा भाग, असा प्रश्न काही अभ्यासक उपस्थित करतात. पण त्या काळच्या राजघराण्यांत या दोन गोष्टी वेगळ्या काढता येण्याजोग्या नव्हत्या, असेच म्हणणे अधिक न्याय्य होईल.

सामान्य उपयोगाची पत्रे कशी असत हे नमुनासंग्रहांवरून कळते. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात मार्कुल्फ नावाच्या साधूने दोन भागांत तयार केलेला संग्रह त्यांतील सर्वांत प्रसिद्ध असून, नावांच्या जागा मोकळ्या ठेवून पत्रांचे आणि दस्तऐवजांचे साचे त्यात दिले आहेत. बिशपाला किंवा राजाला नाताळच्या शुभेच्छा, प्रवाशाची शिफारस, राजाच्या दूतांना वाटेत कोणत्या ठाण्यावर किती शिधा द्यावा याचे परवानापत्र, असे अनेक प्रकार त्यांत येतात. शिध्याच्या यादीत पाव आणि मांसाबरोबर मिरी, लवंग आणि दालचिनीही आहे. शिफारसपत्राचे धर्मसंस्थेतील रूप अधिक कडक होते. परगावच्या पाद्र्याला त्याच्या बिशपाच्या पत्राशिवाय कोठेही थारा मिळू नये असा नियम होता, आणि खोटी पत्रे ओळखता यावीत म्हणून त्यांत ग्रीक अक्षरांचे अंकमूल्य वापरून एक गुप्त बेरीज घातली जाई. पिता, पुत्र, पवित्र आत्मा आणि पीटर यांच्या नावांची आद्याक्षरे, पत्र लिहिणारा, घेणारा व नेणारा यांच्या नावांतील ठरावीक अक्षरे, आणि शेवटी ‘आमेन’ या शब्दाच्या ग्रीक अक्षरांची 99 ही बेरीज असा तो हिशेब असे. या युक्तीचे श्रेय 325 सालच्या निकायाच्या परिषदेला दिले जात असे, पण तिचा प्रत्यक्ष वापर नवव्या शतकातील पत्रांत विशेष दिसतो.

शिफारशीचीच धाकटी बहीण म्हणजे मध्यस्थी. शार्लमेनचा चरित्रकार आइनहार्ट आयुष्याच्या उत्तरार्धात झेलिगनस्टाट येथे राहत असताना तेथील संतांच्या अवशेषांच्या आश्रयाला कुळे आणि वेठदास धावून येत, आणि आइनहार्ट त्यांच्या मालकांना पत्रे लिही. धन्याची परवानगी न घेता लग्न केलेल्या एका दासाला माफी मिळावी, अशी विनंती त्यांत आढळते. ज्यांना स्वतः अक्षर काढता येत नव्हते त्यांचे प्राण आणि संसार अशा चार ओळींवर अवलंबून होते, आणि पत्रव्यवहार हा मूठभर साक्षरांपुरताच मर्यादित होता हे मत त्यामुळे मागे घ्यावे लागते.

पत्राच्या सामाजिक उपयोगाचे सर्वांत संपन्न चित्र बॉनिफेस या धर्मप्रचारकाच्या वर्तुळात दिसते. इंग्लंडमध्ये जन्मलेला, जर्मन भूमीत मठ आणि बिशपपीठे उभी करणारा आणि 754 साली फ्रिसियात मारला गेलेला हा माणूस मायदेशातील स्नेह्यांशी अखेरपर्यंत लिहिता राहिला. त्याच्या आणि त्याचा उत्तराधिकारी लुल याच्या पत्रसंग्रहात सुमारे 150 पत्रे आहेत. त्यांत उल्लेखनीय वाटा स्त्रियांचा आहे. लिओबा या तरुणीने बॉनिफेसला धाडलेल्या पहिल्या पत्रात आपल्या आईवडिलांची नावे सांगून नात्याची आठवण दिली, त्याला भाऊ मानू द्यावे अशी विनंती केली, एक छोटी भेट पाठवली आणि मठाध्यक्षा एडबर्गकडून शिकलेल्या छंदात रचलेल्या चार ओळी तपासून देण्यास सांगितले. पुढे हीच लिओबा जर्मनीतील बिशोफ्सहाइमच्या मठाची प्रमुख झाली. एडबर्गकडून बॉनिफेसने पीटरची पत्रे सोन्याच्या अक्षरांत लिहून मागवली, म्हणजे प्रवचनाच्या वेळी ती पाहून अशिक्षित श्रोत्यांच्या मनात ग्रंथाविषयी आदर उपजेल. दृष्टी मंदावली तेव्हा विंचेस्टरचा बिशप डॅनिएल याच्याकडे त्याने ठळक, सुट्या अक्षरांत लिहिलेली संदेष्ट्यांच्या ग्रंथांची प्रत मागितली. हाच डॅनिएल मूर्तिपूजकांशी वाद कसा घालावा, त्यांना न दुखवता त्यांच्याच श्रद्धांतील विसंगती कशा दाखवाव्यात, हे त्याला पूर्वी पत्रातून शिकवून गेला होता. थुरिंगियातील बर्टगिथ हिने इंग्लंडमधील आपला भाऊ बाल्थार्ड याला लिहिलेल्या पत्रांत मायना आणि वचने रूढ आहेत, पण एकटेपणाचे दुःख त्या चौकटीतूनही स्पष्ट कळते.

या वर्तुळात लेखाबरोबर वस्तू जाणे हा नियमच होता. मर्सियाचा राजा एथेलबाल्ड याला बॉनिफेसने शिकारी ससाणे, ढाली आणि भाले पाठवले. पुढे त्याच राजाला त्याच्या दुराचाराबद्दल कडक शब्दांत पत्र लिहिताना आधीच्या भेटींनी तयार झालेली जवळीक उपयोगी पडली असावी. यॉर्कच्या आर्चबिशपाला दारूचे दोन छोटे पिंप, तसेच रोमच्या दप्तरातून उतरवून आणलेल्या ग्रेगरीच्या पत्रांच्या नकला, आणि त्यांच्या मोबदल्यात बीडचे ग्रंथ असा व्यवहार चाले. रोमहून जेम्युलस नावाच्या डीकनने बॉनिफेसला दालचिनी, कोष्ठ (एक सुगंधी मूळ), मिरी आणि धूप धाडला. मिरी त्या काळी मलबारच्या किनाऱ्याहून युरोपात येई आणि कोष्ठ हिमालयाच्या बाजूने, तेव्हा जर्मन अरण्यातील एका मठाच्या पत्रात भारताचा माल असा नकळत शिरला होता. इंग्लंडमधील मठाधिपती कथबर्ट याने 764 साली लुलला बीडचे ग्रंथ पाठवताना कडाक्याच्या थंडीने नकलकाराचा हात चालला नाही असे कळवले, बीडच्या अवशेषांसाठी आलेल्या रेशमी वस्त्राबद्दल आभार मानले आणि काच बनवणारा कारागीर धाडण्याची विनंती केली. मृतांच्या नावांच्या याद्याही पत्रांबरोबर जात, म्हणजे दुसऱ्या मठातही त्यांच्यासाठी प्रार्थना व्हावी. जिवंतांचे नाते अशा रीतीने मरणानंतरही चालू राही, आणि या काळातील माणसांना पत्राचा हाच उपयोग सर्वांत मोठा वाटत होता असे मानण्यास आधार आहे.

अल्क्विनच्या पत्रांत हाच स्नेह दरबारी वळण घेतो. यॉर्कहून शार्लमेनकडे आलेल्या आणि 796 पासून तूर येथील मठाचा प्रमुख असलेल्या या शिक्षकाची तीनशेच्या आसपास पत्रे उरली आहेत. शार्लमेनला डेव्हिड, स्वतःला फ्लॅकस, दरबारी कवी अँगिलबर्टला होमर, आर्नला गरुड अशी टोपणनावे देऊन त्याने एक निकटचे मंडळ शब्दांनी उभे केले. या नावांमुळे मंडळात कोण आहे आणि कोण नाही हेही ठरत असे. लिंडिसफार्नच्या मठावर 793 साली उत्तरेकडील दर्यावर्दी लुटारूंनी घाला घातला, तेव्हा नॉर्थम्ब्रियाच्या राजाला आणि तेथील बिशपाला त्याने लिहिलेली पत्रे सांत्वन आणि ताशेरे या दोन्ही सुरांत आहेत. लुपसने नवव्या शतकाच्या मध्यास ग्रंथांची पारख आणि देवघेव हाच पत्राचा मुख्य विषय केला. आइनहार्टला ओळख नसताना लिहिलेल्या पत्रात त्याने सिसेरोचे ग्रंथ मागितले. मात्र त्याच्या मठाला उत्पन्न देणारी सेंट जोसची शाखा राजाने एका सरदाराला देऊन टाकली, तेव्हा साधूंना कपडे आणि अन्न पुरत नाही अशी गाऱ्हाणी त्याने वर्षानुवर्षे मांडली. दहाव्या शतकाच्या अखेरीस गेर्बर्ट, जो 999 साली पोप झाला, त्याने रोमन कवी स्टेशियसच्या काव्याच्या नकलेच्या बदल्यात आकाशगोल देऊ केला.

इतके असूनही जे उरले आहे ते निवडून ठेवलेले आहे. मूळ पत्रे फेकली गेली; टिकली ती कोणी नकलून घेतली ती, आणि नकला घेतल्या जात त्या बहुधा सुंदर भाषेसाठी, कायदेशीर पुराव्यासाठी किंवा नमुना म्हणून. शार्लमेनने 791 साली पोपांनी त्याच्या घराण्याला 739 पासून पाठवलेली पत्रे एकत्र उतरवून घेतली, कारण जुनेपणाने आणि हेळसांडीने ती खराब झाली होती. त्या संग्रहातील 99 पत्रे व्हिएन्ना येथील एकाच हस्तलिखितामुळे ज्ञात आहेत, आणि राजांनी उलट काय लिहिले ते जवळजवळ सारे हरवले. ब्रुनहिल्डची पत्रे असलेला 48 पत्रांचा ऑस्ट्रेशियन संग्रहही एकाच हस्तलिखितात आहे. तो सहाव्या शतकाच्या अखेरीस दरबारी लेखनिकांसाठी तयार झाला असे पूर्वी मानले जाई, तर अलीकडे त्याची जुळवणी कॅरोलिंगियन, म्हणजे शार्लमेनच्या घराण्याच्या, काळात लॉर्शच्या मठात झाल्याचे मत मांडले गेले आहे. हे मत स्वीकारले तर त्यातील निवड कोणाच्या गरजेने झाली याचे उत्तर बदलते. इतिहासकार जाइल्स कॉन्स्टेबल यांनी 1976 साली मध्ययुगीन पत्रे बहुतांशी अर्ध-सार्वजनिक असतात असे दाखवून दिले, त्यानंतर त्यांत खासगी मन शोधण्याचा उत्साह ओसरला. रोझामंड मॅककिटरिक यांनी 1989 साली कॅरोलिंगियन समाजात लेखनाचा वावर समजला जाई त्याहून विस्तृत असल्याचे मांडले, आणि ॲलिस रिओ यांनी 2009 साली नमुनासंग्रहांचा अभ्यास करून लेखी व्यवहार खेड्यापाड्यांतील साध्या माणसांच्या आयुष्यातही कसा पोहोचत होता हे उलगडले. कॉन्स्टेबल यांचे निदान बरोबर असले, तरी त्याचा अतिरेक होऊन प्रत्येक भावनेला साचा समजण्याची सवय काही लेखनात जडली आहे, आणि ती दुरुस्त व्हावयास हवी. काओरचा बिशप डेसिडेरियस याच्या चरित्रात त्याची आई हर्खेनफ्रेडा हिची तीन पत्रे समाविष्ट आहेत. पहिल्या दोहोंत राजाशी निष्ठा ठेव, दानधर्म कर, दरबारात काय हवे ते कळव, असा परिचित उपदेश आहे; तिसऱ्यात त्याचा भाऊ आणि त्याच पीठावरील पूर्वीचा बिशप रुस्टिकस याचा खून झाल्याचे कळवून, मारेकऱ्यांना शिक्षा व्हावी म्हणून राजाकडे दाद मागण्यास ती सांगते. शब्द तिने रूढ वापरले, काम मात्र तिचे स्वतःचे आणि तातडीचे होते. आणि ते पत्र टिकले ते पुढे तिचा मुलगा संत ठरून त्याचे चरित्र लिहिले गेले म्हणून.